श्री गणेश सन्न: अमळनेरच्या एका लॅपटॉपचं प्रकरण

यंत्र म्हणजे वापरून पुन्हा विकलेला साधा लॅपटॉप. विंडोज १०, आठ जीबी रॅम, स्क्रीन ठणठणीत. मालक अमळनेरचे छपाईवाले, बाजारपेठेत त्यांना सगळे नाना म्हणतात. लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, सखाराम महाराजांच्या यात्रेची हँडबिलं हे त्यांचं काम. दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपची हार्डडिस्क कुरकुरायला लागली, म्हणून सगळा डेटा या लॅपटॉपवर आणला. तीन-चार महिने काम चाललं आणि ऐन आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या तोंडावर, पत्रिकांची रांग लागलेली असताना, स्क्रीनवरची अक्षरं बिघडली.

माझ्याकडे जळगावला दुरुस्तीसाठी येण्याआधी त्यांनी दोन ठिकाणी दाखवलं होतं. एकाने सांगितलं डिस्प्लेची चिप गेली, मदरबोर्ड उतरवावा लागेल. दुसऱ्याने सांगितलं व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. लॅपटॉप टेबलावर ठेवतानाच नाना म्हणाले, "भाऊ, फॉरमॅट मारू नका बरं. वीस वरीसन्या पत्रिका शेतस त्यामा."

फॉरमॅटची भीती रास्तच होती. अक्षरं बिघडली की पहिला प्रश्न विचारायचा तो असा: मजकूर गेला आहे, की मजकूर जागेवर आहे आणि फक्त दिसणं बिघडलं आहे? या एका लॅपटॉपवर दोन्ही प्रकार होते, आणि दिसणं बिघडण्याची कारणंही दोन निघाली. तिन्ही दुखणी एकमेकांत अशी गुंतली होती की वरवर पाहणाऱ्याला तो एकच रोग वाटावा. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पहिलं दुखणं: सगळं विंडोज अगम्य मराठीत

लॅपटॉप सुरू केला. डेस्कटॉपवर चित्रं जागच्या जागी, पण रिसायकल बिनच्या खाली लिहिलेलं होतं "त्मबलबसम ठपद". नोटपॅड उघडलं तर मेनूच्या पट्टीवर "थ्पसम", "म्कपज", "टपमू". कोपऱ्यातल्या घड्याळात तास आणि मिनिटांच्या मधे चक्क "रू".

हे पाहून चिप गेली असं म्हणणं मला पटेना. बिघडलेली चिप रेघा मारते, ठिपके उडवते, चित्रही फाडते. ती शुद्ध, ठळक, सुबक देवनागरी कशी लिहील? शिवाय थोडा वेळ टक लावून पाहिलं की त्यातला नियम लक्षात येतो. इंग्रजी लहान ई जिथे असायला हवा तिथे प्रत्येक वेळी म. लहान आयच्या जागी प. टीच्या जागी ज. डीच्या जागी क. म्हणजे एडिट या शब्दाची चार अक्षरं झाली म्, क, प, ज. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं मांडायच्या दुकानात ज्याने रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरच्या कळांचं) टायपिंग केलं आहे तो हे झोपेतही ओळखेल. ही कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टची मांडणी आहे.

जुन्या मराठी-हिंदी फॉन्टांची युक्ती अशी होती की संगणकाला ते इंग्रजीच वाटायचं. फाइलमध्ये इंग्रजी डी साठवलेला असतो, फक्त त्या फॉन्टमध्ये डीच्या घरात क चं चित्र बसवलेलं असतं. देवनागरीला सगळीकडे चालणारी स्वतःची घरं मिळाली ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना वेगवेगळे क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. तोवर, आणि छपाईच्या धंद्यात त्यानंतरही बरीच वर्षं, संगणकावरची बहुतेक मराठी छपाई या उसन्या घरांवर चालली. तेव्हा इथे काय घडलं असावं याचा अंदाज आला: विंडोज आपल्या मेनूंसाठी जो फॉन्ट वापरतं, त्याच्या जागी कोणीतरी कृतिदेव बसवला आहे. मेनूत "एडिट"च लिहिलेलं आहे, पण ते कृतिदेवच्या चेहऱ्याने दिसतं आहे.

अंदाज तो अंदाज. तपासणी नीट क्रमानेच केली. सुरू होताना एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथली इंग्रजी स्वच्छ होती. बायोसची अक्षरं विंडोजच्या फॉन्टांवर अवलंबून नसतात, तेव्हा स्क्रीन, तिची केबल आणि चिप हे तिघेही संशयातून सुटले. मग विंडोजमध्ये स्क्रीनशॉट घेऊन माझ्या मोबाइलवर उघडला. तिथेही "म्कपज". दोष पडद्याचा असता तर दुसऱ्या पडद्यावर तो दिसला नसता. मदरबोर्ड उतरवण्याचा खर्च या दोन चाचण्यांत वाचला, आणि त्या करायला स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

सेफ मोडमध्येही, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर सुरू केलं तरी, तोच अवतार. म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरचा संबंध नाही. नवीन युजर खातं काढून पाहिलं, तिथेही तेच. म्हणजे खोडी एका खात्यापुरती नाही, सगळ्या यंत्राला लागू होणाऱ्या ठिकाणी केलेली आहे.

आता मजेची गोष्ट. मेनू वाचता येत नसले तरी हुकूम चालतात, कारण संगणकाला अजून इंग्रजीच मिळतं आहे. विंडोज आणि आर एकत्र दाबलं, चौकटीत सीएमडी टाइप केलं. चौकटीत दिसलं "बउक". कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबलं, परवानगीची खिडकी आली, तिच्यावरचं काहीच वाचता येत नव्हतं तरी ऑल्ट आणि वाय दाबलं, आणि काळी खिडकी उघडली. त्या खिडकीत मात्र सगळं लख्ख इंग्रजी! कमांड प्रॉम्प्ट स्वतःचा वेगळा फॉन्ट वापरतो, बहुधा कन्सोलाज, आणि त्याला कोणी हात लावला नव्हता. पुढची सगळी दुरुस्ती मी या खिडकीतूनच केली. ज्यांना अंधारात रजिस्ट्रीचा (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीचा) एडिटर चालवायची हौस आहे त्यांनी खुशाल चालवावा, पण रजिस्ट्रीत एक अक्षर चुकलं तर दुखणं दुप्पट होतं.

अर्थात आधी डेटा. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या हुकुमाने पत्रिकांचं सगळं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. नाना समोर बसून आकडे सरकताना पाहत होते. ते पूर्ण झाल्यावरच त्यांनी चहा घेतला.

मग रजिस्ट्री. विंडोज एनटीच्या करंटव्हर्जनखाली दोन जागा महत्त्वाच्या. एक "फॉन्ट्स", जिथे कोणत्या फॉन्टची फाइल कोणती हे लिहिलेलं असतं. दुसरी "फॉन्ट सबस्टिट्यूट्स", जिथे या फॉन्टऐवजी तो वापरा अशा नोंदी असतात. पहिल्या जागी विंडोजचा मेनूंचा फॉन्ट, म्हणजे सेगोई यूआय, त्याच्या साध्या, ठळक, तिरप्या, बारीक अशा सगळ्या प्रकारांपुढे फाइलचं नाव पुसलेलं होतं. दुसऱ्या जागी नवी ओळ: सेगोई यूआय ऐवजी कृतिदेव. गुन्हेगार सापडला.

हे आपोआप होत नाही. विंडोजचा फॉन्ट बदलायचा म्हणून इंटरनेटवर फिरणारा हा नुस्खा आहे. नोटपॅडमध्ये चार ओळी चिकटवायच्या, आवडत्या फॉन्टचं नाव टाकायचं, डबल क्लिक करायचं, रीस्टार्ट करायचं. सुवाच्य इंग्रजी फॉन्ट टाकला तर तो चालतोही. नानांना विचारलं, दुकानात संगणकावर कोण बसतं? भाचा बसतो. भाच्याला फोन लावला. पोरगं हुशार आणि प्रामाणिक, लगेच कबूल झालं.

त्याचा हेतू ऐकला आणि मला हसू आलं, पण त्याच्यावर नाही. नानांच्या जुन्या ऑपरेटरला सवय होती, फाइलचं नावसुद्धा मराठी टायपिंगच्या कळांनीच ठोकायचं. त्यामुळे फोल्डरमध्ये शेकडो फाइलींची नावं अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रास दिसायची. ऑपरेटर बोटांच्या सवयीने ती वाचायचा. तो गेला, आणि भाच्याला कोणती पत्रिका कुठे आहे ते सापडेना. त्याने विचार केला, सगळं विंडोजच कृतिदेवमध्ये दाखवलं तर नावं वाचता येतील. आणि ती खरोखर वाचता आली! त्या अगम्य मेनूंच्या खाली फाइलींची नावं स्वच्छ मराठीत उभी होती. त्याचं काम झालं, पण बाकी सगळं विंडोज वाचण्यापलीकडे गेलं, आणि परत फिरायचं तर बटणं वाचता येईनात. फोनवर तो म्हणाला, "माले वाटनं, रीस्टार्ट करं का व्हयी जाई."

दुरुस्ती छोटी होती. फॉन्टच्या मूळ फाइली विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये शाबूत आहेत का ते पाहिलं. होत्या. नसत्या तर आधी एसएफसी स्कॅननाऊ चालवून त्या परत आणाव्या लागल्या असत्या. दोन्ही रजिस्ट्री जागांची प्रत काढून ठेवली, प्रत्येक प्रकारापुढे त्याच्या फाइलचं नाव पुन्हा लिहिलं, बदलीची ओळ काढली. विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस थांबवून तिने साठवलेल्या फाइली पुसल्या, कारण हा कॅश शिळा राहिला तर दुरुस्तीनंतरही जुनीच अक्षरं दिसत राहतात आणि माणूस उगाच पुन्हा रजिस्ट्री उकरतो. रीस्टार्ट. रिसायकल बिन पुन्हा रिसायकल बिन झाला.

नाना निघायच्या तयारीत होते. मी म्हटलं, नाना, एक पत्रिका उघडून दाखवा.

दुसरं दुखणं: जोडाक्षरांना पाय फुटले

बरं झालं उघडली. पानमांडणीचं त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचं. नाव घेत नाही, अशा दुकानांत कोणतं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पत्रिका उघडली, वर गणपती, आणि गणपतीखाली:

॥ श्री गणेश सन्न ॥

प्र नव्हताच. तेवढी जागा कोरी. खाली वरपित्याचं नाव "चं कांत". "पया" आहेर आणू नये, अशी विनंती. बाकी मजकूर मात्र जसाच्या तसा, काना-मात्रा-वेलांटीसह. नाना म्हणाले, हे तर आठवडाभर आधीपासून होतंय, म्हणूनच दुसऱ्याने व्हायरस सांगितला.

व्हायरस जोडाक्षरं निवडून खात नाही. काय गळतं आहे ते नीट पाहिलं: प्र, द्र, क्र, कृ. आणि विचित्र म्हणजे सगळीकडचा प्र गेलेला नव्हता. त्याच पत्रिकेत खाली "प्रमुख उपस्थिती" मधला प्र शाबूत होता. एकाच पानावर एक प्र जिवंत, एक गायब. इथे उत्तर दडलेलं होतं.

कृतिदेवमध्ये प्र दोन प्रकारे काढता येतो. साध्या कळांनी प टाकून त्याला र ची तिरपी रेघ जोडायची, किंवा ऑल्ट दाबून धरून ०२३१ टाकायचं, म्हणजे प्र चं तयार, नीट कोरलेलं चित्र मिळतं. द्र साठी ०२३०, क्र साठी ०२१६, कृ साठी ०१५१. जुना ऑपरेटर कलाकार माणूस. ठळक जागी, देवाच्या नावात, वधूवरांच्या नावात तो तयार चित्र वापरायचा आणि किरकोळ मजकुरात साधं टायपिंग. त्याने जिथे मन लावून काम केलं होतं नेमकं तिथेच पत्रिका भोकं पडल्यासारखी दिसत होती.

कारण असं. एका बाइटमध्ये २५६ घरं. त्यातली १२८ च्या खालची सगळ्या इंग्रजी जगात एकसारखी, वरची मात्र कोड पेजप्रमाणे, म्हणजे कोणत्या घरात कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्याप्रमाणे बदलतात. जुने मराठी फॉन्ट साध्या अक्षरांसाठी खालची घरं वापरतात आणि ती अपुरी पडली की जोडाक्षरं वरच्या घरांत ठेवतात, नेहमीचं पाश्चात्त्य कोड पेज, १२५२, गृहीत धरून. ०२३१ म्हणजे वरचंच घर. आता या लॅपटॉपवर कोड पेजच बदलून युटीएफ-८, म्हणजे युनिकोड बाइटांत साठवण्याची पद्धत, केलेलं असेल तर? युटीएफ-८ मध्ये १२८ च्या वरचा बाइट एकटा कधीच येत नाही, त्याला जोडीदार लागतात. म्हणून एकटा २३१ आला की विंडोज त्याला चुकीचा ठरवतं आणि त्या जागी काहीतरी भरताड किंवा कोरी जागा दाखवतं.

कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, चेंज सिस्टिम लोकॅल. तिथे एक चौकट आहे: बीटा, जगभरच्या भाषांसाठी युनिकोड युटीएफ-८ वापरा. तिच्यात बरोबरची खूण होती.

पुन्हा भाच्याला फोन. हो, तीही त्यानेच लावली होती, आणि पुन्हा कारण चांगलंच होतं. एका लग्नाच्या पाहुण्यांची यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलमध्ये आली होती. एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं तर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं: डोक्यावर तिरपी रेघ असलेला ए, मग चार कोपऱ्यांना काड्या फुटलेला गोल, मग आणखी काहीतरी. हे चिन्ह दिसलं की समजावं, मजकूर युटीएफ-८ मध्ये आहे आणि वाचणारा तो १२५२ समजून वाचतो आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पहिला बाइट नेहमी २२४. १२५२ मध्ये २२४ म्हणजे तोच तिरप्या रेघेचा ए. म्हणून ओळीच्या ओळी त्याने भरलेल्या दिसतात. भाच्याने शोधलं, कोणीतरी सांगितलं ती खूण लावा, लावली, यादी सुधारली. त्याच क्षणी पत्रिकांतले प्र आणि कृ गेले. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी लक्षात आल्यामुळे कोणीच त्यांचा संबंध जोडला नाही.

खूण काढली, रीस्टार्ट केलं, पत्रिका उघडली. "श्री गणेश प्रसन्न". फाइलीत बाइट होते तसेच होते. मी नानांना म्हटलं, बघा, एक अक्षर गेलेलं नाही. तेवढ्यात दुसरी पत्रिका उघडली आणि तिच्यात निघालं:

॥ श्री गणेश प्रप्रसन्न ॥

भाच्याने घाईत एक पत्रिका "दुरुस्त" केली होती. कोऱ्या दिसणाऱ्या जागेशेजारी साध्या कळांनी प्र पुन्हा टाकला होता. अदृश्य प्र तिथेच होता, तो आता प्रकट झाला. अशा किती पत्रिकांना त्याने हात लावला होता ते तारखेनुसार फाइली लावून काढलं, आणि त्या त्याच्याकडूनच एकेक वाचून घेतल्या. एक छापून गेलेली होती. तिच्यात मात्र सगळं बरोबर होतं, कारण छापताना प्र एकच दिसत होता. बिघडलेल्या यंत्रावरची बिघडलेली दुरुस्ती कागदावर शुद्ध उतरली!

मग ती पाहुण्यांची यादी?

एक्सेलसाठी सिस्टिमची खूण बदलण्याची गरज नाही. एक्सेल आधी रिकामं उघडायचं, डेटा या टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट किंवा सीएसव्ही घ्यायचं आणि फाइलच्या मूळ एन्कोडिंगमध्ये ६५००१, युनिकोड युटीएफ-८ निवडायचं. यादी सरळ येते. परत सेव्ह करायची असेल तर सीएसव्ही युटीएफ-८ हा वेगळा प्रकार आहे, तोच घ्यायचा. साध्या सीएसव्हीत मराठी सेव्ह केलं की प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं आणि ते प्रश्नचिन्ह कायमचं असतं.

हा फरक मी भाच्याला दोनदा समजावला, कारण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. तिरप्या रेघेचे ए दिसले तर घाबरायचं नाही, सेव्ह न करता बंद करायचं, मजकूर आत सुखरूप आहे. रिकामे चौकोन दिसले तर बहुधा फॉन्ट नाही, मजकूर आहे. इंग्रजी अक्षरांची निरर्थक रास दिसली तर जुना फॉन्ट लावून पाहायचा. प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र थांबायचं आणि मूळ प्रत कुठे आहे ते शोधायचं, कारण त्या फाइलीत आता खरोखर प्रश्नचिन्हंच आहेत. कोणताही फॉन्ट, कोणतंही सॉफ्टवेअर त्यांतून नावं परत काढू शकत नाही.

आणि नानांच्या लॅपटॉपवर प्रश्नचिन्हंही होती. एका पत्रिकेत निमंत्रकांचा रकाना वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हांचा. ही नावं वधूकडच्यांनी उधन्याहून व्हॉट्सॲपवर पाठवली होती. आपल्याकडची निम्मी लग्नं सुरत-उधन्याशी जोडलेली, अर्धे भाऊबंद तिकडेच. नावं मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेली. भाच्याने ती कॉपी करून थेट जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवली. त्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही, त्याच्या कोड पेजमध्ये देवनागरीला घर नाही, म्हणून प्रत्येक अक्षराला एक प्रश्नचिन्ह मिळालं. हा मजकूर गेला म्हणजे गेला. सुदैवाने मूळ संदेश नानांच्या मोबाइलवर होता. तो आधी युनिकोडवरून कृतिदेवमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला आणि मग चिकटवला.

कन्व्हर्टर म्हटलं की तपासणी आलीच. वेलांटीचा घोळ ते बहुतेक सांभाळतात: जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. रफाराचं उलटं, जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. सूर्यवंशींचं नाव बहुतेक वेळा नीट जातं. पण यातले बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले आहेत, आणि मराठीचा ऱ्य, ऱ्ह त्यांना झेपत नाही. भुसावळ तालुक्यातलं "कुऱ्हे पानाचे" त्यांच्या हाती "कुर्हे" होऊन बाहेर पडतं. यादीत कुऱ्ह्याचे पाहुणे होते. नानांनी चष्मा लावून प्रत्येक नाव बोटाखाली धरून वाचलं आणि तीन ठिकाणी पकडलं. हे काम यंत्राकडून होत नाही. पत्रिकेत नाव चुकलेला पाहुणा लग्नाला येतो, जेवतो, आणि पुढची दहा वर्षं ते काढत राहतो.

काय करून दिलं, काय नाही

भाच्याची मूळ अडचण, फाइलींची नावं, अजून तशीच होती. युनिकोड मराठीत नावं द्यावीत असं आधी वाटलं. विंडोजला ती चालतात, पण जुन्या सॉफ्टवेअरला अशी फाइल उघडताच येत नाही. तेव्हा सरळ मार्ग घेतला: वर्ष, आडनाव आणि गाव रोमन लिपीत. कळांवरून मराठी नाव काढून ते रोमनमध्ये लिहिणारी छोटी स्क्रिप्ट करून दिली. जिथे स्क्रिप्ट अडखळली तिथे भाच्याने हाताने नावं घातली. प्रत्येक जुन्या पत्रिकेची फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ काढून ठेवायलाही सांगितलं. अशी पीडीएफ कोड पेजवर आणि यंत्रावरच्या फॉन्टांवर अवलंबून राहत नाही.

नवीन काम युनिकोडमध्ये सुरू करा हेही सुचवलं. "मुक्त", "बलू" या नावांचे चांगले मोफत युनिकोड फॉन्ट आहेत. नाना म्हणाले, आखाजी होऊ द्या. ते बरोबर होतं. हंगामाच्या मधे छपाईवाल्याला सॉफ्टवेअर बदलायला सांगणं हा शहाणपणा नाही.

विंडोज १० चा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हे यंत्र इंटरनेटला कमीत कमी जोडा आणि बँकेचं काम त्यावर करू नका, हे बजावलं. विंडोज ११ वर जायचं ठरलं तर आधी जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावर चालवून पाहायचं, मग या लॅपटॉपला हात लावायचा. रजिस्ट्रीच्या दुरुस्त जागांची प्रत, आणि त्या परत बसवायच्या चार ओळी, एका पेनड्राइव्हवर दिल्या. पेनड्राइव्हवर भाच्याच्या मोबाइलचा नंबर लिहिला, म्हणजे पुढच्या वेळी पहिला फोन त्याला जाईल.

एका फोल्डरचं कोडं सुटलं नाही. २००४-०५ च्या आसपासच्या काही पत्रिका कृतिदेवमध्ये नाहीत. कृतिदेव लावला की अर्धी अक्षरं जुळतात आणि अर्धी भलतीच येतात, म्हणजे मांडणी वेगळ्या फॉन्टची आहे. नानांना आठवतं की तेव्हा धरणगावच्या एका प्रेसमधून मजकूर बनवून यायचा आणि त्यांच्याकडचा फॉन्ट हार्डवेअर लॉकवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या किल्लीसारख्या उपकरणावर चालायचा. ते प्रेस आता बंद आहे, मालकाचा मुलगा नाशिकला असतो. नाना त्याच्याशी बोलणार आहेत. जुनी फ्लॉपी किंवा सीडी निघाली तर फॉन्ट मिळेल, नाहीतर छापलेली पत्रिका समोर ठेवून कोणतं घर कोणत्या अक्षराचं ते एकेक जुळवून तक्ता बनवावा लागेल. त्यासाठी त्या काळातल्या छापील पत्रिका जमवायला सांगितल्या आहेत.